सर्व्हर बंद करण्याआधी

"काऊन भाऊ, मेमरी लावाले पाच मिनिटं लागते म्हणता, मंग सर्व्हर अर्धा दिवस बंद काऊन?"

सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव या पट्ट्यात कुठल्याही कार्यालयातल्या सर्व्हरला हात लावायची वेळ आली की समोरचा माणूस हे विचारतोच. प्रश्न रास्त आहे. घरच्या संगणकाचे झाकण उघडले, मेमरीची पट्टी स्लॉटमध्ये दाबली, झाकण लावले, की काम संपते. सर्व्हरमध्येही पट्टी बसवायला तेवढाच वेळ लागतो. पण घरचा संगणक पुन्हा सुरू झाला नाही तर एका माणसाचा एक दिवस जातो. सर्व्हर सुरू झाला नाही तर पतसंस्थेतली रांग, दवाखान्यातले केसपेपर, कारखान्यातली हजेरी आणि मालाच्या पावत्या हे सगळे एकदम अडते. म्हणून जाणता माणूस बहुतेक काम सर्व्हर चालू असतानाच उरकून घेतो. बटण दाबून तो बंद करताना त्याच्याजवळ एकही अनुत्तरित प्रश्न उरलेला नसतो. या प्रकरणात आपण ती तयारी पाहणार आहोत.

या भागात तयारीला जास्त महत्त्व येते त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण हवा. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके ५ ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते, आता त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आहे. पण जमीन जुनीच आहे: सातपुड्याच्या पठाराखालचा, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला सखल भाग. जुन्या गॅझेटियरमध्ये याला झेरघाट म्हटले आहे. पठारावर छिंदवाड्याला जो थोडा गारवा मिळतो तो इथे मिळत नाही. उन्हाळा नागपूरसारखाच, कडक आणि कोरडा. या कोरडेपणाचा मेमरीशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल. दुसरे कारण अंतर. सर्व्हरचा सुटा भाग सौंसरच्या बाजारात मिळत नाही. चुकीची पट्टी आणली हे झाकण उघडल्यावर कळले, तर सावनेरमार्गे नागपूर गाठावे लागते, आणि तिथेही डेस्कटॉपची मेमरी चटकन मिळाली तरी सर्व्हरची बहुधा मागवावीच लागते.

१. मेमरी खरोखर कमी पडते आहे का?

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. डिस्कवर ती कायमची असते, वीज गेली तरी राहते. मेमरीत मात्र सध्या चालू असलेल्या कामापुरतीच असते. मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक असतो. त्यात भार असला तर एक, नसला तर शून्य. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले आणि आजची जवळजवळ सगळी मेमरी तिच्यावरच उभी आहे. हा भार इतका थोडा असतो की तो आपोआप गळून जातो. म्हणून डीडीआर-४ मेमरीत प्रत्येक बिट सर्वसाधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा वाचून पुन्हा भरला जातो, सेकंदाला पंधराहून अधिक वेळा. वीज तुटली की हे भरणे थांबते आणि मेमरीतले सगळे जाते. सर्व्हर तडकाफडकी बंद का करू नये याचे मूळ इथे आहे. डिस्कवर अजून न लिहिलेली नोंद तेव्हा मेमरीतच असते.

काम वाढून मेमरी अपुरी पडली की सर्व्हर तिच्यातला काही भाग डिस्कवर टाकतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. याला स्वॅप म्हणतात. डिस्क मेमरीपेक्षा फार संथ असल्यामुळे हे सतत होऊ लागले की सगळे कार्यालय "सिस्टम स्लो आहे" म्हणू लागते.

पण सिस्टम स्लो असण्याचे कारण दर वेळी मेमरी नसते. ६४ जीबीच्या एका लिनक्स सर्व्हरवर 'फ्री' ही आज्ञा दिली, असे समजा. वापरात २० जीबी, मोकळी फक्त ३ जीबी आणि उरलेली ४१ जीबी कॅशमध्ये दिसते. मोकळी तीनच आहे हे पाहून घाबरायचे कारण नाही. लिनक्स रिकामी मेमरी पडून राहू देत नाही, अलीकडे वाचलेल्या फायली तिच्यात धरून ठेवतो आणि कुणाला गरज पडली की ती जागा लगेच सोडतो. त्याच तक्त्यात शेवटी 'उपलब्ध' असा रकाना असतो, त्यात इथे ४० जीबीच्या आसपास आकडा दिसेल. या सर्व्हरला मेमरी नको आहे, दुखणे दुसरीकडे आहे. हाच रकाना २ जीबीवर आला असेल आणि स्वॅपची ये-जा थांबत नसेल, तर मात्र खरेदीचा विचार करावा.

हे पाहायचे ते गर्दीच्या दिवसांत. संत्र्याच्या व्यापाऱ्याचा सर्व्हर जूनमध्ये निवांत असतो. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, तेव्हा त्याच सर्व्हरवर पावत्यांचा मारा होतो. पतसंस्थेत तो मार्चअखेर असतो. त्या दिवसांतले आकडे हाताशी नसतील तर किती मेमरी घ्यायची हा निव्वळ अंदाज राहतो.

२. झाकण न उघडता आत काय आहे ते वाचणे

आत कोणत्या पट्ट्या आहेत हे कळायला सर्व्हर उघडावा लागत नाही. लिनक्सवर 'डीएमआयडीकोड' ही आज्ञा प्रत्येक स्लॉटची नोंद देते: स्लॉटचे नाव, पट्टी किती जीबीची, कोणत्या पिढीची, वेग किती, बनवणारी कंपनी आणि भाग क्रमांक. विंडोजवर पॉवरशेलमधून हीच माहिती मिळते. शिवाय सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी एक वेगळा छोटा संगणक असतो. डेलच्या यंत्रांत त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीच्या यंत्रांत आयएलओ. ब्राउझरमधून त्याच्यात शिरले की हीच यादी दिसते. ती छापून घ्यावी. पुढची सगळी कामे या कागदावर होतात.

पट्टी निवडताना आधी पिढी पाहायची. डीडीआर-३ पट्टीला २४० पिना, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींना २८८. पिना सारख्या असल्या तरी या दोहोंच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. दाबून बसवायचा प्रयत्न केला तर स्लॉट फुटतो, आणि स्लॉट फुटणे म्हणजे मदरबोर्ड बदलणे.

मग प्रकार. लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. सर्व्हरच्या पट्टीवर मेमरीच्या चिपांशिवाय रजिस्टर नावाची आणखी एक चिप असते. प्रोसेसरकडून येणारे पत्ते आणि आज्ञा ती आधी स्वतः घेते आणि मग सगळ्या चिपांना पोहोचवते. यामुळे प्रोसेसरवरचा विद्युत भार हलका होतो आणि एका यंत्रात खूप पट्ट्या लावता येतात. डेस्कटॉपच्या पट्टीवर हे रजिस्टर नसते. डीडीआर-४ मध्ये दोन्ही प्रकारांची खाच एकाच जागी आहे, म्हणजे डेस्कटॉपची पट्टी सर्व्हरच्या स्लॉटमध्ये नीट बसते, खटका लागतो, सगळे बरोबर वाटते, आणि रजिस्टरच्या पट्ट्यांवर चालणारा सर्व्हर सुरूच होत नाही. डीडीआर-५ मध्ये ही खाचही वेगळी केली, म्हणून तिथे ही चूक टळते. 'लोड रिड्यूस्ड' नावाचा तिसरा प्रकार फार मोठ्या पट्ट्यांसाठी असतो. हे प्रकार एका यंत्रात एकत्र चालत नाहीत. आत जे आहे तेच आणायचे.

सर्व्हरच्या पट्टीचा दुसरा गुण चूक दुरुस्त करण्याचा. इतक्या थोड्या भारावर चालणाऱ्या मेमरीत एखादा बिट कधीतरी आपोआप उलटतो. विश्वकिरणांमुळे असेल, घटक थकल्यामुळे असेल. बेल लॅबमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये यावर गणिती उपाय प्रसिद्ध केला. त्याच वळणाने डीडीआर-४ पर्यंतच्या सर्व्हर मेमरीत ६४ बिट माहितीबरोबर ८ बिट तपासणीचे ठेवतात, एकूण ७२. एक बिट उलटला तर कोणता उलटला हे त्या आठांवरून कळते आणि तो तिथेच सुधारला जातो. दोन उलटले तर निदान चूक झाल्याचे तरी कळते.

हे कशासाठी, ते पुण्याच्या एका यंत्रावरून लक्षात येईल. टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने तिथे उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आला होता. त्यात १,७९४ सर्व्हर जोडलेले होते आणि प्रत्येकात १६ जीबी मेमरी, एकूण २८ हजार जीबीहून अधिक. एवढ्या बिटांत रोज कुठे ना कुठे एखादा उलटणारच, आणि तो पकडला गेला नाही तर दिवसेंदिवस चाललेले गणित चुकीचे निघेल. सौंसरच्या पतसंस्थेत ६४ जीबीच असेल, पण ठेवीदाराच्या खात्यातला एक आकडा कुणाला न कळता बदलणे तिथेही चालणार नाही. स्वस्त मिळते म्हणून दुरुस्तीशिवायची मेमरी सर्व्हरमध्ये बसवण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

पट्टीवरचे लेबलही वाचता यावे. '२आर×४ पीसी४-२४००टी-आर' असे काही त्यावर छापलेले असते. पीसी४ म्हणजे चौथी पिढी, २४०० हा वेग, शेवटचा आर म्हणजे रजिस्टरवाली. तिथे यू असेल तर ती डेस्कटॉपची साधी पट्टी, एल असेल तर लोड रिड्यूस्ड. सुरुवातीचे '२आर×४' चिपांची मांडणी सांगते, ते जुन्या पट्ट्यांशी जुळलेले बरे. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर सगळ्या मिळून सर्वांत संथ पट्टीच्या वेगाने चालतात, हेही ध्यानात ठेवावे.

३. किती पट्ट्या, कोणत्या स्लॉटमध्ये

एखाद्या गोदामाला चार दारे आहेत आणि सगळी पोती एकाच दारामागे रचली आहेत, तर माल कितीही असो, एका वेळी एकाच दाराने बाहेर निघेल. प्रोसेसरकडेही मेमरीची अशी दारे असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. इंटेलच्या झिऑन ई५-२६०० मालिकेतल्या प्रोसेसरला चार चॅनेल, त्यानंतरच्या स्केलेबल मालिकेच्या पहिल्या पिढीला सहा, एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेला आठ. २४०० वेगाच्या डीडीआर-४ मध्ये एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी जाऊ शकते. दोन भरले तर ३८.४, चारही भरले तर ७६.८.

आता एक उदाहरण सोडवू. डेलचा पॉवरएज आर-७३० या जातीचा सर्व्हर आहे, दोन प्रोसेसर, प्रत्येकाला चार चॅनेल, एकूण २४ स्लॉट. आत १६ जीबीच्या चार पट्ट्या आहेत, प्रत्येक प्रोसेसरकडे दोन. एकूण ६४ जीबी, आणि हवी आहे १२८. एक मार्ग म्हणजे १६ जीबीच्या आणखी चार पट्ट्या. दुसरा मार्ग ३२ जीबीच्या दोनच. बेरीज दोन्हीकडे १२८. पहिल्या मार्गाने प्रत्येक प्रोसेसरचे चारही चॅनेल सारखे भरतात. दुसऱ्यात प्रत्येकाकडे १६, १६ आणि ३२ अशी विषम मांडणी होते आणि एक चॅनेल रिकामा राहतो. पहिल्या मार्गात आठ स्लॉट वापरूनही सोळा शिल्लक राहतात, म्हणजे जागेची अडचण नाही. पहिलाच मार्ग घ्यावा.

स्लॉट भरण्याचा क्रम कंपनीने ठरवून दिलेला असतो. आर-७३० मध्ये आधी पांढऱ्या कळीचे स्लॉट, मग काळ्या, शेवटी हिरव्या. प्रत्येक प्रोसेसरचे पहिले चार स्लॉट पांढरे, म्हणून आपल्या उदाहरणातल्या नव्या पट्ट्या पहिल्या प्रोसेसरच्या ए-३, ए-४ आणि दुसऱ्याच्या बी-३, बी-४ मध्ये जातील. एका चॅनेलवर तीन-तीन पट्ट्या झाल्या की अशा यंत्रांत मेमरीचा वेग उतरतो. आणखी एक गोष्ट बिल झाल्यावर लक्षात येते: दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल, तर त्याच्या बाजूचे बाराही स्लॉट मृत असतात. छापलेल्या यादीवर प्रत्येक नव्या पट्टीपुढे तिच्या स्लॉटचे नाव लिहावे, आणि मगच नागपूरला मागणी नोंदवावी.

४. आधी एकदा नुसताच बंद-चालू

या प्रकरणातले सर्वांत उपयोगी एकच सांगायचे, तर ते हे: मेमरी बदलण्याच्या आधीच्या आठवड्यात सर्व्हर एकदा, काहीही न बदलता, रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा.

सर्व्हर वर्ष-दीड वर्ष न थांबता चालतात. या काळात कुणीतरी नेटवर्कचा पत्ता हाताने बदललेला असतो आणि तो कायमचा नोंदवलेला नसतो. एखादी सेवा हाताने सुरू केलेली असते, सर्व्हर उठल्यावर ती आपोआप सुरू होत नाही. वर्षानुवर्षे फिरणारी जुनी डिस्क थांबल्यावर पुन्हा फिरायला कुरकुरते. यातले काहीही मेमरी बदलल्याच्या दिवशी समोर आले, तर सगळ्यांना दोष नव्या पट्टीचाच वाटतो आणि माणूस चुकीच्या जागी तासन् तास शोधत राहतो. आधीच्या बंद-चालूमुळे जुने दुखणे जुने म्हणूनच ओळखू येते. या चाचणीला पाऊण तास लागतो म्हणून ती टाळणारे बरेच आहेत. माझ्या मते तिच्याइतका कामी येणारा पाऊण तास सगळ्या तयारीत दुसरा नाही.

त्या चाचणीच्याही आधी बॅकअप. बॅकअप झाला असे पडद्यावर दिसणे पुरेसे नाही. त्यातल्या चार-दोन फायली आणि डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहाव्यात. विंडोज सर्व्हरवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की कागदावर हवी, कारण हार्डवेअर बदलले की यंत्र ती मागू शकते.

देखरेखीच्या संगणकातली घटनांची नोंदही वाचावी. "ए-२ मधली चूक दुरुस्त केली" अशा ओळी तिथे वारंवार असतील, तर जुनीच एक पट्टी अखेरीला आली आहे. तिच्यासाठीही त्याच वेळी नवी मागवता येते. नोंद वाचून झाली की तिची प्रत ठेवून ती कोरी करावी, म्हणजे नंतर येणारी प्रत्येक ओळ नव्या मांडणीचीच असेल. बायोस अद्ययावत करायचे असेल तर तेही याच दिवसांत, मेमरीच्या दिवशी नाही. एका दिवशी एकच बदल.

आणि दिवस कोणता? मार्चअखेर आणि पगाराचे दिवस नकोत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते. त्या दोन दिवसांत तिकडून मदतीला माणूस बोलावायचा विचारही करू नये. मेमध्ये करायचेच असेल तर पहाटे लवकर सुरू करावे.

५. रॅकमधून बाहेर

रॅक सर्व्हर म्हणजे चपटा, आडवा सर्व्हर. रॅकची रुंदी १९ इंच ठरलेली आणि उंची 'यू' या मापात मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. दोन यूचा भरलेला सर्व्हर २५ ते ३५ किलोचा असतो.

तो रुळांवर बसवलेला असेल तर खणासारखा पुढे ओढता येतो. ओढण्याआधी रॅकचे पुढचे आधारपाय खाली उतरवलेले आहेत ना, किंवा रॅक जमिनीला बोल्टने धरलेला आहे ना, हे पाहायचे. पूर्ण बाहेर आलेले ३० किलो वजन रॅकला पुढे ओढते. दोन सर्व्हर एकाच वेळी बाहेर काढले तर रॅक माणसाच्या अंगावर कोसळू शकतो. म्हणून एका वेळी एकच.

आपल्याकडच्या लहान कार्यालयांत पुष्कळदा रूळ नसतातच, सर्व्हर नुसता ट्रेवर ठेवलेला असतो. मग त्याला उचलूनच बाहेर काढावे लागते. दोन माणसे हवीत आणि तो ठेवायला पक्के टेबल आधीच मोकळे केलेले हवे. भिंतीवरच्या छोट्या कपाटात सर्व्हर कोंबलेला असेल तर तो आधी नीट रॅकमध्ये हलवण्याचे काम अंगावर घ्यावे. ती कपाटे नेटवर्कच्या स्विचसाठी असतात, त्यांना सर्व्हरची खोलीही पुरत नाही आणि वजनही.

मागच्या बाजूला सगळ्या केबली सारख्या दिसतात. त्यांना चालू असतानाच चिकटपट्टीने नावे द्यावीत आणि मोबाइलने फोटो काढावा. एकसारखे तीन-चार सर्व्हर असतील तर देखरेखीच्या संगणकातून आपल्या सर्व्हरचा ओळखदिवा लावता येतो, तो पुढे आणि मागे निळा लुकलुकतो. शेजारच्याच सर्व्हरची केबल उपटली जाऊ नये म्हणून हा दिवा आहे.

६. वीज पूर्ण तोडणे

बंद करण्याचा क्रम वरून खाली. आधी लोकांना काम जतन करायला सांगायचे, मग अकाउंटिंगसारखी अॅप्लिकेशन्स, मग डेटाबेस, व्हर्च्युअल मशिने असतील तर ती, शेवटी मुख्य कार्यप्रणाली. डेटाबेसला त्याच्या रीतीने बंद होऊ दिले की मेमरीतली राहिलेली प्रत्येक नोंद तो डिस्कवर उतरवतो.

पंखे थांबले, दिवे मालवले, म्हणजे वीज गेली असे नाही. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, एक यूपीएसवर आणि दुसरा थेट लाइनवर किंवा दुसऱ्या यूपीएसवर. एकच वायर काढली तर दुसरा जिवंत राहतो. शिवाय बंद सर्व्हरमध्येही तो देखरेखीचा छोटा संगणक चालत असतो, म्हणजे मदरबोर्डवर थोडी वीज सतत असते. अशा बोर्डात पट्टी घातली किंवा काढली तर दोन्ही जळू शकतात. दोन्ही वायरी काढायच्या, मग पुढचे चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरायचे. आतल्या धारित्रांत उरलेला भार त्याने निघून जातो. बोर्डावरचा बारीक दिवा विझला की झाकणाला हात लावायचा. तोवर प्रोसेसरवरचे धातूचे हीटसिंकही निवतात.

७. अंगातली वीज

जानेवारीत अंगातून स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, लोखंडी कपाटाला हात लावताच झटका बसतो. घर्षणाने शरीरावर जमलेला विद्युतभार एकदम निसटतो, त्याचा तो झटका. दमट हवेत हा भार हळूहळू विरत राहतो. झेरघाटच्या कोरड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो साठतो. इथल्या कापड कामगारांना हे सांगावे लागत नाही. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा सुटिंगचा कारखाना १९९१ पासून आहे. कोरड्या हवेत घासून भारित झालेले धागे एकमेकांना दूर लोटतात, यंत्राला चिकटतात आणि तुटतात, म्हणून कापड उद्योगात हवेतला दमटपणा मुद्दाम राखला जातो.

माणसाला झटका जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट जमलेले असतात. त्याहून कमी दाब असेल तर काही कळतही नाही. चिपला मात्र शंभरेक व्होल्टही पुरतात. त्यातल्या ट्रान्झिस्टरचा विद्युतरोधक थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि असा थर साधारण एका नॅनोमीटरला एक व्होल्ट एवढ्या दाबाने फुटतो.

अभियंते माणसाचे शरीर १०० पिकोफॅरडचे धारित्र आणि १,५०० ओहमचा रोध असे धरून हिशेब करतात. अंगावर १०,००० व्होल्ट असतील तर बोटातून क्षणभर साडेसहा अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी असतो, म्हणून माणसाला नुसती टोचणी जाणवते. चिप मात्र भाजते. त्यातही वाईट म्हणजे ती दर वेळी लगेच मरत नाही. अर्धवट इजा झालेली पट्टी चाचणीत पास होते आणि काही आठवड्यांनी अधूनमधून चुका करू लागते. तेव्हा त्या सकाळच्या झटक्याची कुणाला आठवणही नसते.

यावर उपाय मनगटपट्टीचा, आणि ती महाग नाही. पट्टी मनगटाला घट्ट, तिच्या वायरीचा चिमटा सर्व्हरच्या रंग नसलेल्या उघड्या धातूला. यामुळे तुमचे शरीर आणि सर्व्हर एकाच विद्युतदाबावर येतात आणि भार उडी मारायला कारण राहत नाही. वायरीत दहा लाख ओहमचा रोध असतो तो तुमच्यासाठी. चुकून हात २३० व्होल्टला लागलाच, तरी पट्टीतून ०.२३ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह वाहील, जो जाणवतही नाही. मनगटाला नुसती तांब्याची तार गुंडाळून काम करणारे लोक हे संरक्षण गमावतात. तसे कधीही करू नये.

बाकीची काळजी साधी. अंगात सुती सदरा, स्वेटर किंवा नायलॉनचे काही नको. नवी पट्टी तिच्या चंदेरी पिशवीतून अगदी बसवायच्या क्षणी काढायची आणि कडांना धरायची, सोनेरी टोकांना बोट नाही. काम गालिच्यावर नको, फरशीवर करावे. आतली धूळ काढायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याच्या नळीतच भार जमतो. हवेचा झोत वापरावा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. कूलर चालू असेल तर खोली दमट राहते हे चांगलेच, पण त्याचे तुषार थेट उघड्या सर्व्हरवर येणार नाहीत अशा जागी टेबल असावे.

८. परतीची वेळ आधीच ठरवणे

झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक सर्व्हरांत स्लॉटचा नकाशा चिकटवलेला असतो. तो आपल्या कागदाशी ताडून पाहावा. मेमरीवर एक प्लॅस्टिकचे आवरण असते, ते हवा नेमकी पट्ट्यांवरून नेते. ते काढताना कोणती बाजू पुढे होती याचा फोटो घ्यावा, कारण ते उलटे बसवले किंवा टेबलावरच राहिले तर मेमरी आणि प्रोसेसर तापतात. काही यंत्रांत रिकाम्या स्लॉटमध्येही हवेसाठी प्लॅस्टिकच्या खोट्या पट्ट्या असतात. जेवढ्या खऱ्या पट्ट्या बसणार तेवढ्याच त्या काढायच्या, बाकी जागेवर ठेवायच्या.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहतो. सर्व्हर प्रत्येक पट्टीशी सिग्नलची वेळ जुळवून घेत असतो, आणि मेमरी जास्त असेल तर त्याला काही मिनिटे लागतात. नेमक्या याच वेळी घाबरून वायर काढली जाते. म्हणून कागदावर दोन वेळा आधीच लिहिलेल्या असाव्यात. पहिली, सर्व्हरला उठायला किती मिनिटे द्यायची ती, आपल्या उदाहरणात पंधरा. दुसरी, कोणत्या वेळेला प्रयत्न थांबवून मागे फिरायचे ती. कार्यालय साडेदहाला उघडत असेल आणि काम सहाला सुरू केले असेल, तर नऊ ठीक. नऊपर्यंत १२८ जीबीचा आकडा दिसून घटनांची नोंद कोरी राहिली, तर यंत्राची स्वतःची मेमरी चाचणी जमेल तितका वेळ चालवून कामाला द्यायचे आणि पुढचा आठवडाभर ती नोंद रोज पाहायची. नाही तर नव्या चारही पट्ट्या काढून पिशवीत, जुन्या त्यांच्या आधीच्याच स्लॉटमध्ये, सर्व्हर ६४ जीबीवर सुरू. आणि पट्ट्यांवरचे भाग क्रमांक समोर ठेवून नागपूरला फोन.